माझ्या तोंडून, माझ्याशिवाय

सोमवार, ११ ऑगस्ट

विचित्र दिवस.

तास संपवून विभागात आले तर दारात एक मुलगी उभी. सानिका चौगुले, पहिलं वर्ष. नदीकाठच्या चिखलीची, रोज गावाहून येते-जाते. वर्गात भिंतीकडेला बसते, तोंडातून शब्द नाही. आज हातात डबा.

"मॅडम, आईनं खरवस दिलाय. तुमच्यासाठी."

म्हटलं, माझ्यासाठी कशाला गं?

"तुम्ही एवढं बोललासा न्हवं माझ्यासंगं. ॲपवर. पुरात तुमच्या बी घरात पाणी आलतं म्हणालासा, पुस्तकं भिजली, माळ्यावर बसून रडलासा... मी घरात कुणाला न्हाय सांगितलं त्ये तुमाला सांगितलो. तुम्ही बी आमच्यातल्याच की."

घंटा झाली, ती पळाली. डबा माझ्या हातात.

आमच्या मंगळवार पेठेत, आमच्या गल्लीत तरी, पाणी कधी आलेलं नाही. दोन हजार एकोणीसच्या पुरात आमचं घर कोरडं होतं. मी शाळेतल्या छावणीत पूरग्रस्तांसाठी पोळ्या लाटत होते. रडले असेन, पण माळ्यावर नाही. आमच्या घराला माळाच नाही.

आणि मी या मुलीशी आजवर एक वाक्य बोललेले नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

कॉलेजनं यंदा पहिल्या वर्षासाठी ॲप घेतलंय एवढं माहीत होतं. प्रश्नपेढी, नोट्स वगैरे असेल अशी माझी समजूत. आज स्वप्नीलला म्हटलं, दाखव मला. स्वप्नील आमच्या भूगोल विभागात तासिकेवर शिकवतो, माझाच जुना विद्यार्थी. तो चाचरला. "मॅडम, मला वाटलं तुम्ही परवानगी दिलीय."

कसली परवानगी?

फोन पुढं केला. मी होते. हिरवी साडी, लॉकडाऊनमध्ये घरून घेतलेल्या तासांची. मागची आमच्या स्वयंपाकघराची भिंत पुसून तिथं पुस्तकांचं कपाट लावलंय. ओठ हलतात. आवाज माझा. शंभर टक्के माझा. पण मी अडले की "थांबा हं" म्हणते, वर बघते, आठवते. ही कुठंच थांबत नाही. माझे "की" सगळे काढून टाकलेत. "आता आपण पाहूया" म्हणते. मी उभ्या आयुष्यात कुणाला पाहूया म्हटलेलं नाही. बघूया म्हणते.

स्वप्नीलच्या फोनवरून प्रश्न टाकला: मॅडम, पुरात तुमच्या घरात पाणी आलं होतं का?

"हो बाळा, आलं होतं. तो दिवस मी कधीच विसरू शकणार नाही."

बाळा!

मग उलटं विचारलं: पण तुमचं घर उंचावर आहे ना?

"अगदी बरोबर. माझं घर उंचावर असल्यामुळे आम्ही सुदैवाने सुरक्षित होतो."

दोन्ही वेळेला तेच हसू. समोरचा म्हणेल त्याला हो. स्वप्नील हसायला लागला आणि माझं तोंड बघून थांबला.

बुधवार, १३ ऑगस्ट

प्राचार्यांकडे गेले. (पुढं नुसतं 'प्रा.' लिहीन.) माणूस वाईट नाही. चहा मागवला. "मॅडम, अहो हा तुमचा गौरव आहे! कंपनीनं सगळ्या प्राध्यापकांचे व्हिडिओ बघितले आणि तुम्हाला निवडलं. तुमच्यात आपलेपणा आहे म्हणाले."

म्हटलं, सर, मला विचारलं का नाही?

"व्हिडिओ कॉलेजच्या खात्यावरचे. म्हणजे कॉलेजचेच."

आणि तोंड? तोंड कुणाचं?

हसले. मी नाही हसले.

मग खोट्या पुराचं सांगितलं. त्यावर म्हणाले, "मुलीला बरं वाटलं ना? हेच तर आपल्याला हवंय." स्वतःचा लॅपटॉप माझ्याकडं वळवला. "सगळं जतन होतं बघा. तिचं संभाषण काढतो, वाचा, काय सुंदर बोललीय पोरगी..."

मी उठले. म्हटलं, बंद करा ते.

"अहो तुमच्याशीच बोललीय."

"नाही सर. मला सांगितलेलं नाही ते. आणि तुम्हालाही नाही."

लॅपटॉप मीच मिटवला. चहा तसाच राहिला.

घरी ह्यांना सांगितलं. हे पेन्शनीत निघाल्यापासून सगळ्या गोष्टी मजेत घेतात. ॲप बघून म्हणाले, "वैजू, ही बाई तुझ्यापेक्षा गोड बोलती. एक आपल्या घरी पण मागवू." तासभर बोलले नाही त्यांच्याशी. मग हे स्वतःच आले. "पण ती पोरगी फसली की गं."

तेच तर.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदन. सानिका लांबूनच हसली. पहिल्यांदा हसताना बघितली तिला.

सांगू का नको? हे म्हणतात, नको सांगूस, मन मोकळं झालंय तिचं, कशाला दुखवायचं. स्वप्नील म्हणतो, आपोआप कळेल. मला दोन्ही पटत नाही. आपोआप कळलं तर मी त्यात सामील होते असं होईल. आणि डबा अजून माझ्याकडं आहे. खरवस संपला. हे खाऊन मोकळे. मी एकच वडी चाखली.

सोमवार, १८ ऑगस्ट

सांगितलं.

विभागात कुणी नव्हतं. खुर्ची दिली, बसली नाही. म्हटलं, सानिका, ॲपवर तुझ्याशी बोलली ती मी नव्हे. माझा चेहरा आणि आवाज वापरून मशीन बोलतं. माझ्या घरात कधी पाणी आलं नाही. आणि तू काय सांगितलंस ते मला माहीत नाही, मी वाचलेलं नाही. पण कॉलेजात ते कुणी वाचू शकतं, हेही तुला माहीत असायला पाहिजे.

मला वाटलं होतं रडेल. रडली नाही. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली, ओळख पटवतात तशी.

"मशीन हाय ते ठाऊक होतं की. पण मला वाटलं, तुम्हीच बोलून भरलंय त्यात. तुमचंच हाय आतलं सगळं."

नाही गं.

"मग माझ्या घरात पाणी आलतं म्हणून त्ये बी आलतं म्हणालं व्हय?"

व्हय.

डबा घेतला. दारापर्यंत गेली, वळली. "तुम्ही सांगितला नसतासा तर बरं झालं असतं, मॅडम."

गेली.

अठ्ठावीस वर्षं शिकवतेय. इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. आणि परत तीच वेळ आली तरी सांगेनच, हेही तितकंच पक्कं.

गुरुवार, २१ ऑगस्ट

सानिका आली नाही. कालही नव्हती.

प्रा. ना लेखी दिलं. चारच ओळी. माझा चेहरा, आवाज, नाव ॲपवरून काढा. मुलांची संभाषणं कुणी वाचायची नाहीत, पुसून टाका. पोच घेतली.

स्टाफरूममध्ये बातमी माझ्या आधी पोचलेली. इतिहासाचे सर म्हणाले, "तुमचं नशीब थोर, आम्हाला कुणी विचारत नाही." अर्थशास्त्राच्या बाई कानाशी येऊन, "भांडा तुम्ही. पण माझं नाव मध्ये घेऊ नका."

शनिवार, २३ ऑगस्ट

वर्गात सरळ विषय काढला. म्हटलं, ॲपवरची बाई मी नव्हे. ती जे माझ्याबद्दल सांगते ते खोटं आहे. भूगोलाबद्दल सांगते त्यातलं बरंचसं बरोबर आहे, काही चुकीचं आहे, तपासून घ्या. आता बोला.

मग अथर्व उठला. हुपरीचा. घरी चांदीचं काम, पैंजणांची साखळी जोडून मग बस पकडतो.

"मॅडम, बोलू? राग येणार न्हाय न्हवं?"

बोल.

"ॲप बंद करू नका. मला सकाळची एस.टी. गावत न्हाय, पहिला तास बुडतोच. आणि वर्गात एकदा विचारलं की परत विचारायची लाज वाटती. पोरं हसत्यात. ते मशीन कवाच हसत न्हाय. एकच गोष्ट धा येळा विचारली तरी सांगतंय."

मागून कुणीतरी हसलंच. अथर्व मागं वळून, "ह्ये बघा. ह्येच म्हणतोय मी."

मी त्याला बस म्हटलं नाही. उभाच ठेवला आणि म्हटलं, बरोबर बोललास. खरंच बरोबर बोलला. घरी येताना रिक्षात तेच डोक्यात. मी मशीनवर चिडलेय, पण माझ्या वर्गात पोरगा प्रश्न विचारायला घाबरतो, ते कुठल्या कंपनीनं केलेलं नाही.

सोमवारपासून: तास संपल्यावर मैदानातल्या पिंपरणीच्या झाडाखाली बसणार. ज्याला जे विचारायचं ते विचारावं. हसायचं असेल त्यानं घरी जावं.

मंगळवार, २६ ऑगस्ट

पिंपरणीखाली काल तिघं. आज सात-आठ. अथर्वनं समोच्च रेषा पुन्हा पुन्हा विचारल्या. नकाशावर समजेनात. शेवटी ओल्या मातीचा ढीग केला, काडीनं थरथरानं रेघा मारल्या, वरून बघ म्हटलं. "आयला, एवढंच व्हय!" मग जीभ चावली. हसले सगळे, पण ते हसू वेगळं.

स्वप्नील लांब उभा राहून बघत होता. बोलावलं तर म्हणाला, "मॅडम, माझे तास काढले. आज सांगितलं. ॲप आहे म्हणाले, पहिल्या वर्षाला आता वेगळा माणूस नको."

माझंच तोंड लावून माझ्याच पोराची जागा घेतली.

खाली बस म्हटलं. बसला. तास नसलेला माणूस संध्याकाळपर्यंत मुलांना पावसाचं गणित समजावत राहिला.

सोमवार, १ सप्टेंबर

आमचं जैनांचं दशलक्षण पर्व चालू. माझा उपवास. त्यातच आज बैठक. प्रा., संस्थेचे सचिव, कंपनीचा एक तरुण मुलगा. तो इतका नम्र की रागावताही येईना. टेबलावर कागद तयार. माझ्या नावाचं संमतिपत्र. म्हणजे परवानगी लागते, हे त्यांना आता कळलं तर.

सचिव: "काय प्रॉब्लेम काय आहे, मॅडम? तुमची नोकरी कायम आहे. तुमचं काही जात नाही."

म्हटलं, ॲप राहू द्या. मुलांना उपयोग होतोय, मी नाही म्हणणार नाही. फक्त त्याला माझं तोंड नको. "मी" म्हणायचं नाही त्यानं. आठवणी सांगायच्या नाहीत. मशीन आहे तर मशीन म्हणून बोलावं. मुलांचं बोलणं पुसून टाका. आणि स्वप्नीलला वर्ग परत द्या.

कंपनीचा मुलगा हळूच म्हणाला, "मॅम, चेहऱ्याशिवाय मुलं बघत नाहीत. आपल्या शिक्षिकेचा चेहरा असला की मुलं जास्त मोकळी बोलतात. तेच तर वैशिष्ट्य आहे."

"त्यालाच माझा विरोध आहे," म्हटलं. "माझ्यावर विश्वास ठेवून बोलतात. तो विश्वास माझा आहे. तो तुम्हाला देता येत नाही मला. द्यायचा म्हटला तरी येत नाही."

सचिवांनी पेन सरकवलं. "विचार करून सही करा."

विचार झालाय म्हटलं. पेन परत सरकवलं.

प्रा. नी खिडकीबाहेर बघितलं. मला वाटतं त्यांना मनातून पटतंय. पण मनातून पटून काय करू मी.



गुरुवार, ४ सप्टेंबर

सानिका परवापासून येतेय. वर्गात बसते, माझ्याकडं बघत नाही. पिंपरणीखाली येत नाही. मी तिच्यामागं लागत नाही. आली हेच पुष्कळ.

वर्गाला सांगितलं: पुढच्या शनिवारी नदीकाठ बघायला जाऊ. पुराचं पाणी कुठून कसं पसरतं ते पायानं चालून बघायचं. परवानगीचा अर्ज टाकलाय. उत्तर नाही. शनिवारी दुपारनंतर कॉलेज नसतं, त्यामुळं उत्तराची गरजही नाही.

सोमवार, ८ सप्टेंबर

क्षमावाणी. सकाळी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, जाऊन आले. भेटेल त्याला हात जोडून उत्तम क्षमा. हे म्हणाले, "प्राचार्यांना पण फोन कर. आजचा दिवस आहे. मिटवून टाक."

केला. म्हटलं, सर, कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी. त्यांचाही आवाज भरून आला. "मॅडम, माझीही. मग सही करताय ना?"

"क्षमा केली सर. सही नाही."

हे शेजारी उभे राहून ऐकत होते. कपाळावर हात मारला. मग आत जाऊन माझ्यासाठी चहा करून आणला. लग्नाला एवढी वर्षं झाली, चहा ह्यांना जमत नाही. प्याले सगळा.

बुधवार, १० सप्टेंबर

सानिका विभागात आली. न विचारता आत. रागातच.

"शनवारी आमच्या गावाकडं येणार म्हणं सगळी?"

नदीकाठानं जाणार आहोत. तुझ्या गावात यायचं नसेल तर नाही येत.

"या की. मी कुठं नको म्हटलो. पाणी कुठवर आलतं त्ये मी दाखवतो. त्या तुमच्या बाईला न्हाय ठाऊक त्यातलं काय."

माझी बाई नाही ती.

"व्हय, तेच म्हणायचंय मला." आणि गेली.

शनिवार, १३ सप्टेंबर

पाय दुखतायत, पण आजचं आजच लिहायला हवं.

अर्ध्याहून जास्त वर्ग आला. स्वप्नील आला. हेसुद्धा आले, टोपी घालून, "मी पाण्याच्या बाटल्या सांभाळतो" म्हणत. काठाकाठानं उसाच्या बांधांवरून चालत चिखलीत. नदी शांत. दोन नद्या मिळतात तिथं उभं करून मुलांना विचारलं, पाणी वाढलं तर आधी कुठं जाईल? सगळ्यांनी वेगवेगळीकडं बोटं दाखवली. अथर्वचं बरोबर. का म्हणून विचारलं तर थांबला, मातीकडं बघितलं, उतार दाखवला. मला एवढंच पाहिजे होतं.

गावात सानिका पुढं झाली. वर्गात शब्द न काढणारी पोरगी मोठमोठ्यानं बोलत चाललेली. "ह्या कट्ट्यापतूर सकाळी हुतं. दुपारी ह्या खिडकीला. ह्या घरातली आजी पत्र्यावर बसलेली, खाली उतरंना." स्वतःच्या घराच्या भिंतीवर हात वर करून टेकवला. हात पुरला नाही, टाचा उंच केल्या, तरी पुरला नाही. "ह्याच्या बी वर."

कुणी फोटो काढला नाही. कुणी हसलं नाही.

अथर्वनं विचारलं, "नावेत कोण-कोण बसायचं, कोण ठरवायचं?"

"माणसं घेत हुती. जनावरं न्हाय." सानिकाचा आवाज एकदम बारीक झाला. गोठ्याकडं बघितलं. "आमच्या दोन म्हशी हुत्या. अण्णांनी दावी कापली आन् सोडून दिल्या. नावेतनं मी ऐकत हुतो त्यांचं ओरडणं. लांबपतूर ऐकू येत हुतं. एक आली परत. एक न्हाय आली."

ॲपला हेच सांगितलं असणार. आज सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्याकडं बघत.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मॅडम आता काहीतरी बोलणार. माझ्या तोंडावर आलंही होतं, तुझा दोष नव्हता, वगैरे. पण तिला ते मशीननं सांगून झालेलं असणार. आणि माझ्याकडं त्याहून चांगलं वाक्य नव्हतं. खरंच नव्हतं.

तिच्या शेजारी जाऊन गोठ्याच्या दगडावर बसले. तीही बसली. आतली म्हैस चारा खात होती, तिचा आवाज तेवढा.

बऱ्याच वेळानं सानिका म्हणाली, "तुमाला काय म्हणायचं न्हाय, मॅडम?"

"न्हाय गं. ऐकतेय."

"बरं." मग उठली. "चहा टाकतो सगळ्यांना."

तिची आई घरात बसून सगळं ऐकत होती. पोरगी पाच-सहा वर्षांत यावर एक अक्षर बोललेली नाही म्हणाली. पदर डोळ्याला.

परत येताना हे काहीच विनोद करेनात. दसरा चौकात उतरल्यावर म्हणाले, "वैजू, त्या कागदावर सही करायची नाही. मी काय म्हटलो होतो ते विसर."

बुधवार, १७ सप्टेंबर

पत्र आलं. "विद्यार्थी सुरक्षिततेच्या दृष्टीने विनापरवाना क्षेत्रभेट" म्हणून खुलासा मागितलाय. आणि दुसऱ्या परिच्छेदात: सोमवारपासून पहिल्या वर्षाचे तिन्ही वर्ग एकत्र, मोठ्या हॉलमध्ये, पडद्यावर. मला पहिल्या वर्षाच्या अध्यापनातून मुक्त केलंय. मुक्त!

चेहरा माझाच राहणार. सहीशिवाय. खुलाशानंतर बघू म्हणे. वकिलाला भेटायचंय, ह्यांच्या ओळखीचे आहेत एक.

खुलासा लगेच लिहिला. नदी बघायला नेलं होतं, परत नेणार आहे.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

स्वप्नील घरी आला. चप्पल दारातच, आत यायला तयार नाही. हॉलमध्ये पडदा चालू-बंद करायला, हजेरी घ्यायला माणूस पाहिजे. त्याला विचारलंय.

"मॅडम, मी काय करू? तुमच्या तोंडाचा रिमोट माझ्या हातात देतायत."

आत घेतला. जेवायला बसवला. म्हटलं, घे काम. बायको-पोर आहे तुला. मी रागावणार नाही. मी माझं बघते.

"तुम्ही काय करणार?"

बघू की.

जेवला नाही नीट. पोरगा चांगला आहे. चांगल्या पोरांनाच असल्या जागी उभं करतात.

रविवार, २१ सप्टेंबर

सकाळपासून चिडचिड. भांडी आपटली. मुक्त केलंय म्हणजे शिकवायचं नाही. पत्र पुन्हा वाचलं. शिकवायचं नाही एवढंच लिहिलंय. हॉलमध्ये यायचं नाही असं कुठं लिहिलंय?

हे म्हणाले, "एकटीच का हसतीस?"

सोमवार, २२ सप्टेंबर

अकराला हॉलमध्ये गेले. शेवटच्या बाकावर बसले. वही, पेन. शेजारची मुलं चळवळली, सरकून जागा दिली. एकानं विचारलं, "मॅडम, तुम्ही हितं?" म्हटलं, तास आहे ना, गप बस.

हॉल गच्च. स्वप्नील पुढं, खुर्चीच्या कडेवर बसलेला. मला बघितलं आणि हजेरीतच नजर घातली. पंखे घरघरतायत. पडदा लागला. हिरवी साडी. मी एवढी मोठी, भिंतभर. माझे दात दिसतात एवढे.

"नमस्कार विद्यार्थ्यांनो. मी प्राध्यापिका वैजयंती मगदूम."

"न्हाय," पुढच्या बाकावरून कुणीतरी बोललं. मोठ्यानं, स्वच्छ. मुलीचा आवाज. कुणाचा ते मी ओळखलं.

पडद्यावरची बोलतच राहिली. "आज आपण नदी आणि पूरक्षेत्र पाहूया. तुम्हाला माहीत आहेच, माझ्या स्वतःच्या घरात..."

"न्हाय." आता डावीकडून, पोराचा. मग मागून. मग कुठून कुठून. ओरडणं नव्हे, गोंधळ नव्हे. हजेरीला ओ देतात तसं. तिनं "मी" म्हटलं की "न्हाय". भूगोल सांगितला की गप्प, लिहून घेतायत. परत "मी" की परत "न्हाय". यातलं मी काही शिकवलेलं नाही. मी पेन धरून बसले होते. डोळे भरले तर पुसले नाहीत. पुसायला हात वर केला असता तर उत्तर द्यायचंय असं वाटलं असतं.

स्वप्नीलच्या हातात रिमोट. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली नाही, हो म्हणून नाही, नको म्हणून नाही. त्याचं त्यानं ठरवायचं. त्यानं आवाज शून्यावर आणला. पडदा तसाच. ओठ हलत राहिले.

हॉलमध्ये नुसते पंखे.

मग अथर्व उठला आणि स्वप्नीलला म्हणाला, "सर, ते पूरक्षेत्राचं तुम्ही सांगा की. मला उताराचं अजून नीट कळलं न्हाय." कुणी हसलं नाही. स्वप्नील उठला, खडू शोधायला लागला. हॉलमध्ये फळाच नाही. खडू हातात घेऊन पडद्यासमोर उभा राहिला, माझं हलणारं तोंड त्याच्या शर्टावर, आणि बोलायला लागला. आधी चाचरत. मग बरा. नंतर मागच्या पडद्याकडं बघायचंच विसरला.

तेवढ्यात प्रा. दारात आले. कुणीतरी सांगितलं असणार. आधी पडद्याकडं, मग स्वप्नीलकडं, मग नजर फिरवत शेवटच्या बाकावर.

"मगदूम मॅडम! तुम्ही इथं काय करताय?"

उभी राहिले. विद्यार्थी राहतात तशी.

"शिकतेय, सर."

"बाहेर या."

सगळा हॉल मागं वळून बघत होता. स्वप्नील खडू धरून तसाच. मी खाली बसले आणि वही उघडली.

"तास संपल्यावर येते," म्हटलं.